बारा आऱ्यांची दोन चाकं

अर्धापूर ते नांदेड हा केळीच्या बागांमधून जाणारा रस्ता. त्याच्या कडेच्या ढाब्यांना, शेतातल्या नव्या बंगल्यांच्या फाटकांना अलीकडे जुनी लाकडी चाकं टेकवलेली दिसतात. मालकांना विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "जुन्या मोटारीचं हाय साहेब, निजामाच्या काळातलं." मी चाकापुढे उकिडवा बसतो, मध्यावरून हात फिरवतो आणि सांगतो, "मालक, हे आपल्या बैलगाडीचं आहे." त्यांचा चेहरा उतरतो. तो उतरण्याचं काहीच कारण नाही, हे सांगण्यासाठीच लिहायला बसलो.

आरे मोजून ओळख पटत नाही. आपल्याकडच्या बैलगाडीच्या चाकाला बहुधा बारा आरे असतात आणि जुन्या फोर्ड मोटारीच्या लाकडी चाकालाही बाराच. बाहेरचा घेरही सहसा उपयोगाचा नसतो, कारण बैलगाडीची लोखंडी धाव नाहीतर मोटारीची रिम काढून कुणीतरी भंगारात घातलेली असते. बघायचं ते मध्यभागी, आरे जिथे एकमेकांना भेटतात तिथे.

बैलगाडीच्या चाकाला मध्ये तुंबा असतो. आपल्या भागात तो बाभळीचा, जड आणि मडक्यासारखा फुगीर. सुतार त्याला चौफेर भोकं पाडतो आणि प्रत्येक आरा घणाच्या ठोक्यांनी आत बसवतो. बाहेरून सहा पुठ्ठे, म्हणजे घेराचे लाकडी तुकडे, प्रत्येक पुठ्ठ्यात दोन आरे. सुतार इथे थांबतो आणि लोहार सुरू होतो. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी तोकडी करायची, गवऱ्यांच्या जाळात लाल करायची, फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव आक्रसते आणि सगळे सांधे एकदम आवळले जातात. या सबंध चाकाला एकही नटबोल्ट लागत नाही. जुन्या चाकाची धाव निघालेली असेल तर पुठ्ठ्याच्या कडेला बारकाईनं पाहा: लाकूड करपल्याची काळपट रेघ अजून दिसते. गावच्या दोन बलुतेदारांनी मिळून केलेल्या कामाची ती सही आहे. अशा चाकाला मोटारीचं म्हणून मिरवण्यात त्याचाच मान कमी होतो.

मोटारीचं चाक मी आजवर या रस्त्यावर एकदाच पाहिलं, एका विहिरीच्या काठाला उताणं पडलेलं. लांबूनच कळलं, कारण ते लहान होतं. बैलगाडीचं चाक माणसाच्या छातीला लागतं, हे जेमतेम दोन फुटांचं. जवळ गेलो आणि मध्यभागी तुंबाच नव्हता. बारा आऱ्यांची आतली टोकं पाचरीसारखी निमुळती तासलेली, प्रत्येक पाचर तीस अंशांची. बारा पाचरी शेजारी शेजारी ठेवल्या की वर्तुळ पुरं होतं, संत्र्याच्या फोडींसारखं. पुढून एक आणि मागून एक लोखंडी तबकडी लावून बोल्टांनी ती आवळली की आरेच एकमेकांना तोलून धरतात. लाकूडकामात यापेक्षा देखणा सांधा मला माहीत नाही. ही रचना तोफांच्या गाड्यांवर रुळली, म्हणून इंग्रजीत अशा चाकाचं नाव आर्टिलरी व्हील पडलं. रणात आरा मोडला तर बोल्ट सैल करून दुसरा घालता यावा, ही गरज. मोटारी आल्या तेव्हा कारखानदारांनी ती तयार युक्ती उचलली.

मग बाहेरची कड पाहिली. बैलगाडीच्या चाकाला सहा पुठ्ठे, म्हणजे सहा सांधे. इथे फक्त दोनच होते, कारण लाकूड वाफेवर मऊ करून अर्धगोल वाकवलेलं होतं. लाकडाची रेषा वळणाबरोबर वळत जाते, हे अशा कडेवर उघड दिसतं. कापून गोल केलेल्या पुठ्ठ्यात ती कडेशी तुटते. आणि दोन आऱ्यांच्या मध्ये आरपार एक भोक होतं, करंगळी जाईल एवढं. ट्यूबच्या व्हॉल्व्हचं. हवा भरायची सोय बैलगाडीच्या लाकडी चाकाला कशाला लागते? टांग्याच्या चाकालाही लागत नाही. त्याची रबरी पट्टी भरीव, लोखंडी पन्हाळीत बसवलेली. बाकी सगळ्या खुणा झिजल्या तरी हे भोक खोटं बोलत नाही.

चाक पुढचं की मागचं, हेही मधलं लोखंड सांगतं. फोर्डच्या टी मॉडेलच्या पुढच्या चाकात बेअरिंगच्या वाट्या असतात, मागच्याचं भोक निमुळतं आणि त्याला चावीची खाच. मागच्या चाकाला ब्रेकचा ड्रमही असतो. ही मोटार 1908 ते 1927 या काळात दीड कोटींहून जास्त बनली. आपल्याकडे येणाऱ्या फोर्ड कॅनडातून येत, उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. 1928 मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला, पण तोवर लाकडी चाकाचे दिवस भरत आले होते. फोर्डनं टी नंतरच्या मॉडेलला पोलादी तारांची चाकं दिली.

परदेशी आरे हिकरी नावाच्या लाकडाचे. लवचीक, धक्का सोसणारं, फिकट रंगाचं. पण ते झाड आपल्याकडे होत नाही. मराठवाड्याचा वैशाख तर कुठल्याच लाकडाला सोडत नाही. ओल उडून जाते, आरे आक्रसतात आणि चाक खुळखुळायला लागतं. बैलगाडीवाला अशा वेळी चाकं काढून ओढ्यात टाकून ठेवायचा. मोटारवाल्यांनाही चाकांवर पाणी मारावंच लागे.

विहिरीकाठच्या त्या चाकात मला हे सगळं एका आऱ्यात दिसलं. अकरा आरे एकसारखे, यंत्रावर कातलेले, लंबगोल. बारावा मात्र जाडसर, गडद तपकिरी. नख मारलं तर उमटत नव्हतं. तिरप्या उन्हात त्याच्या अंगावर वाकसाच्या घावांच्या उथळ पाकळ्या ओळीनं दिसत होत्या. कुणा सुतारानं मोडका आरा समोर ठेवून बाभळीचा नवा घडवलेला. मी त्याच्या पाचरीच्या टोकाशी कागद सरकवून पाहिला. परदेशी शेजाऱ्याच्या आणि त्याच्या मध्ये कागद शिरला नाही.

मालकांनी विचारलं, "रंग देऊ का याला?" मी म्हटलं, दादा, जवसाचं तेल पाजा, सावलीत ठेवा, आणि त्या एका आऱ्याला पॉलिशपेपर लावू नका.