न्यायाधीशांचे निरंतर शिक्षण : काल, आज आणि उद्या – एक चिकित्सा

प्रस्तावना :

महाविद्यालयीन अध्यापकाला उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग परिचयाचे आहेत. पदोन्नतीशी जोडलेले असल्यामुळे ते अनेकदा केवळ उपचार म्हणून उरकले जातात, हेही आपण जाणतो. न्यायाधीशांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न अधिक गंभीर आहे. अध्यापकाचे अपुरे ज्ञान वर्गापुरते मर्यादित राहते. न्यायाधीशाचे अपुरे आकलन पक्षकाराचे स्वातंत्र्य, मालमत्ता वा प्रतिष्ठा हिरावू शकते. म्हणूनच न्यायाधीशांच्या सेवांतर्गत शिक्षणाची वाटचाल तपासणे आणि तिच्यातील उणिवांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका :

न्यायाधीशाला शिकवायचे कोणी, हा या विषयातील मूळ पेच होय. शासनाने शिकवल्यास न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य धोक्यात येते, ही शंका जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९७८ साली ब्रिज समितीने ‘प्रशिक्षण’ या शब्दाऐवजी ‘न्यायिक अध्ययन’ हा शब्द स्वीकारला, तो याच शंकेपोटी. पुढे १९७९ साली स्थापन झालेल्या मंडळाच्या नावातही ‘अध्ययन’ हाच शब्द आला. फ्रान्सने मात्र १९५८ सालीच न्यायाधीशांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र निर्माण केले होते. अमेरिकेत १९६३ साली नॅशनल ज्युडिशियल कॉलेज व १९६७ साली फेडरल ज्युडिशियल सेंटर सुरू झाले.

भारतात विधी आयोगाने १९८६ साली आपला ११७ वा अहवाल न्यायिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणालाच वाहिला. ऑल इंडिया जजेस असोसिएशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली केंद्र व राज्य पातळीवर सेवांतर्गत प्रशिक्षण संस्था उभारण्याचे निर्देश दिले. त्यानंतर १९९३ साली राष्ट्रीय न्यायिक अकादमीची नोंदणी झाली आणि ५ सप्टेंबर २००२ रोजी भोपाळ येथील तिच्या परिसराचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. राज्याराज्यांतही अशा संस्था उभ्या राहिल्या. उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमी ही त्यांपैकीच एक.

वर्तमान स्थिती :

आजची व्यवस्था प्रवेशाच्या टप्प्यावर अधिक भर देते. नवपदवीधरांना न्यायसेवेत थेट प्रवेश द्यावा की वकिलीचा अनुभव अनिवार्य करावा, याबाबत सर्वोच्च न्यायालयाची भूमिका १९९३, २००२ आणि २०२५ अशी तीनदा निश्चित झाली. २० मे २०२५ च्या निर्णयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली व न्यायदानास बसण्यापूर्वी किमान एक वर्षाचे प्रशिक्षणही आवश्यक ठरवले. प्रवेशाचा हा विचार स्वागतार्ह असला, तरी तो निरंतर शिक्षणाचा विचार नव्हे.

चिकित्सा :

या व्यवस्थेची खरी उणीव दोन प्रकरणांच्या तुलनेतून स्पष्ट होते. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील प्रकरणात पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली निर्दोष सोडले. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यावरून संमतीचा निष्कर्ष काढला गेला. १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार व वसुधा धागमवार या विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या तर्काची चिरफाड केली. उणीव कायद्याच्या ज्ञानाची नव्हती. सत्तेपुढे मुकाट होणे आणि संमती देणे यांतील अंतर ओळखण्याची होती. पुढे १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यामागे या पत्राने चेतवलेले आंदोलन होते.

बेचाळीस वर्षांनंतर, १८ मार्च २०२१ रोजी अपर्णा भट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाची एक जामीन-अट रद्द करावी लागली. विनयभंगाच्या आरोपीने तक्रारदार महिलेच्या घरी जाऊन राखी बांधून घ्यावी, अशी ती अट होती. न्यायाधीशांच्या प्रशिक्षणात लिंगभाव-संवेदनशीलतेचा समावेश करण्याचे निर्देशही या निर्णयात आहेत.

एका आदेशावरून सर्व प्रशिक्षण निष्फळ ठरवणे अन्यायाचे होईल. तथापि लक्षात घ्यावे की, दोन्ही प्रमाद वरिष्ठ न्यायालयांचे आहेत. प्रशिक्षणाचे बंधन मात्र प्रामुख्याने जिल्हा व तालुका पातळीवरील न्यायाधीशांवर आहे. उच्च न्यायालयांच्या न्यायमूर्तींसाठी भोपाळ येथे कार्यक्रम होतात. पण त्यांना उपस्थित राहण्याचे वैधानिक बंधन नाही. ज्यांचा निर्णय खालच्या सर्व न्यायालयांना बांधून ठेवतो, त्यांच्यावरच शिकण्याचे बंधन सर्वांत कमी, ही विसंगती आहे.

स्वातंत्र्याचा मुद्दा येथे पुढे केला जातो, परंतु तो निर्णायक नाही. कॅनडाने २०२१ साली कायदा करून वरिष्ठ न्यायालयात नियुक्ती इच्छिणाऱ्यांकडून लैंगिक अत्याचारविषयक कायदा व सामाजिक संदर्भ यांचे शिक्षण घेण्याची हमी मागितली. शिक्षणाची आखणी मात्र न्यायसंस्थेच्या हाती ठेवली. बंधन आणि स्वायत्तता एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा होय.

भवितव्य :

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे अमलात आले. जुलै २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचे धोरण जाहीर केले. हे बदल पाहता कायद्याची नवी कलमे सांगणारी व्याख्याने आवश्यक आहेत, पण पुरेशी नाहीत. पुढील काळात तीन गोष्टी व्हाव्यात असे वाटते : नियुक्तीपूर्वी प्रत्येक न्यायमूर्तीकडून शिक्षणाची हमी, अकादम्यांच्या अभ्यासक्रमात समाजशास्त्र, मानसशास्त्र व भाषा या विषयांच्या अध्यापकांचा नियमित सहभाग, आणि प्रशिक्षणाच्या परिणामाचे न्यायसंस्थेच्याच देखरेखीखाली, परंतु प्रसिद्ध होणारे मूल्यमापन.

निष्कर्ष :

न्यायाधीशांच्या निरंतर शिक्षणाचा भूतकाळ शंकेचा होता, तर वर्तमान संस्थाउभारणीचा आहे. इमारती उभ्या राहिल्या. आता शिकण्याचे बंधन सर्वोच्च आसनापर्यंत पोहोचले पाहिजे. १९७९ साली चार अध्यापकांना पत्र लिहावे लागले, कारण न्यायसंस्थेत तो संवाद होण्याची सोय नव्हती. ती सोय नियमित व सन्मानपूर्वक उपलब्ध करून देणे हेच निरंतर शिक्षणाचे खरे प्रयोजन आहे, आणि त्यात विद्यापीठीय विद्वत्तेचाही वाटा आहे.