उघड्यावरचा पडदा

छायाचित्रणावर आपल्याकडे टीका म्हणून फारशी लिहिली जात नाही. नाटकावर लिहितात, चित्रपटावर लिहितात, गाण्याच्या बैठकीवरही चार ओळी येतात. पण जिचा नमुना प्रत्येक घराच्या भिंतीवर टांगलेला असतो, त्या कलेचे बरेवाईट कोणी जोखत नाही. 'फोटो छान आलाय' किंवा 'बरा नाही आला' या दोन शेऱ्यांत आपली सारी समीक्षा आटोपते. आता दिवाळी सरली, तुळशीचे लग्न लागले, की लग्नसराई सुरू होईल. आणि तिच्या आधी हल्ली आणखी एक समारंभ ठरलेला असतो. वधूवरांना, पुष्कळदा घरातल्या सगळ्यांनाच, मोकळ्या जागी नेऊन त्यांची चित्रे काढवून घ्यायची. या प्रकाराविषयी थोडे बोलावे म्हणतो. सातारा आणि सांगली हा माझ्या पायाखालचा मुलूख. म्हणून उदाहरणेही तिकडचीच.

माझा मुख्य आक्षेप थोडक्यात सांगता येईल. छायाचित्रकार स्टुडिओतून बाहेर पडला खरा, पण येताना पडदा बरोबर घेऊन आला.

जुन्या स्टुडिओतला तो पडदा पुष्कळांना आठवत असेल. त्यावर राजवाड्याचा जिना, एखादे तळे, तळ्यात हंस. पुढे कोरीव खुर्ची आणि तिपाईवर फुलदाणी. त्या पडद्याला सबळ कारण होते. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरचा शोध जाहीर झाला, तेव्हा प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत. पुढे माणसांच्या छबी काढू लागले, तेव्हा मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावीत. माणसाला जगात नेऊन चित्र काढणे अवघड, म्हणून जगच रंगवून त्याच्या मागे टांगले. आज सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात चित्र निघते. माणूस हसता, चालता, बोलता टिपता येतो. आणि आपण करतो काय? त्याला वाईजवळच्या मेणवलीला नेतो आणि घाटाच्या पायरीवर पुतळ्यासारखा उभा करतो.

मेणवलीचा घाट सुंदर आहे यात शंका नाही. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेकडे चंद्रकोरीसारख्या वळत उतरणाऱ्या पायऱ्या, १७३९ च्या वसईच्या विजयाची आठवण सांगणारी ती घंटा. २००४ च्या 'स्वदेस' चित्रपटाने हा घाट घरोघरी पोहोचवला. पण मी तिथे पाहिले ते असे: पायघोळ झगा सावरीत वधू पायऱ्या उतरते, वर खालून हात पुढे करतो, आणि साहाय्यक पोरगा धुणे धुणाऱ्या बाईला म्हणतो, "मावशी, चौकटीत येताय, जरा तिकडं सरता का?" मावशी सरतात. त्यांच्याबरोबर घाटाचा घाटपणाही सरतो. उरते ती दगडी वेलबुट्टी. स्टुडिओतल्या रंगवलेल्या जिन्यात आणि तिच्यात मग फरक तो कोणता?

लिंबची बारा मोटांची विहीर घ्या. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधवलेली ही अष्टकोनी विहीर. बारा मोटा एकाच वेळी चालतील आणि भोवतालच्या जमिनीला पाणी मिळेल, ही तिची खरी शोभा. हल्लीच्या चित्रांत ती कुठल्याशा राणीचा महाल होते. माझ्या पाहण्यातल्या डझनभर चित्रांत एकातही पाणी दिसत नव्हते!

कासच्या पठाराची गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासलाही जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तिथे जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ, आणि त्यावर फुलणारी पुष्कळशी झाडे घोट्याएवढीच. आता विचार करा. चेहरा आणि फुले एकाच चौकटीत हवी असतील तर माणसाने फुलांत बसले पाहिजे, नाहीतर लोळले पाहिजे. म्हणजे जे चित्र मनात धरून लोक तिथे जातात, ते फुले चिरडल्यावाचून निघतच नाही. वाट न सोडता, कुंपणाबाहेर उभे राहून चित्र काढावे, तर कास चेहऱ्याला एक फार मोठी देणगी देते, तिच्याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. ती म्हणजे भाद्रपदातला ढगाळ, मऊ उजेड. त्या उजेडात डोळे मिचकावे लागत नाहीत, कपाळावर चकाकी येत नाही, सुरकुत्याही प्रेमळ दिसतात.

उजेडाचा विषय निघालाच आहे तर सांगलीच्या घाटावरही जाऊ. सांगली कृष्णेच्या पूर्व तीरावर. संध्याकाळी सूर्य नदीपलीकडे, सांगलीवाडीच्या बाजूला उतरतो. माणूस नदीकडे तोंड करून बसला तर मावळतीचा पिवळा उजेड थेट त्याच्या चेहऱ्यावर पडतो. पण मावळता सूर्य चित्रात हवाच असतो; म्हणून माणसाला नदीकडे पाठ करून बसवतात. केसांना सोनेरी कड येते आणि चेहरा अंधारात जातो. मग दिव्यांची सरबत्ती. घरचे एखादे धुवट धोतर समोर धरले असते तरी निम्मे काम झाले असते! भर दुपारी चित्रे काढणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. डोळ्यांच्या खोबणी काळ्या आणि नाकाखाली मिशीसारखी सावली. नवरीला ती कशी शोभावी?

चेहऱ्याच्या बाबतीत याहून मोठा अपराध घडतो तो चित्र निघाल्यावर. सावळ्या मुलीला यंत्रावर गोरी करतात. कोणी सांगितलेलेही नसते. तो शिरस्ताच होऊन बसला आहे. कृष्णाकाठच्या उन्हात वाढलेली, उसाच्या मळ्यातून शाळेला गेलेली मुलगी चित्रात पिठासारखी पांढरी होते, आणि आई म्हणते, "किती छान आलीस गं!" त्या कौतुकात मुलीला काय ऐकू येत असेल? उत्तम छबी माणसाला सांगते, तू असा आहेस आणि तू पाहण्यासारखा आहेस. ही छबी सांगते, तू अशी असतीस तर बरे झाले असते.

कोणी म्हणेल, लग्न काही रोज होत नाही. चार घटका स्वप्नात वावरले तर तुमचे काय गेले? प्रश्न रास्त आहे. नटणे म्हणजे खोटेपणा नव्हे. जर्मन छायाचित्रकार आउगुस्ट झांडर याने १९१४ च्या सुमारास तीन तरुण शेतकऱ्यांचे एक चित्र काढले. ते नाचाला निघालेले. काळे सूट, डोक्यावर हॅट, हातात काठ्या. अगदी नटूनथटून थांबलेले. पण त्यांच्या पायाखाली त्यांचाच रस्ता आहे, मागे त्यांचेच माळरान आहे. आणि त्या सुटातून त्यांचे शेतकरीपण लपत नाही. नटणे हाही त्यांच्या स्वभावाचा भाग म्हणून चित्रात आला आहे. आपल्याकडे शब्दांत हेच काम व्यंकटेश माडगूळकरांनी 'माणदेशी माणसं' या १९४९ च्या पुस्तकात केले. त्यांची माणसे माळावरून उचलून दुसरीकडे ठेवता येत नाहीत. माळ हा त्यांच्या मागचा पडदा नव्हे. त्यांचे बोलणे, चालणे, उपास, हट्ट सारे त्या माळातून आलेले आहे. उघड्यावर चित्र काढायचे ते एवढ्याचसाठी.

असे चित्र आपल्याकडे निघतच नाही असे नाही. हरिपूरच्या एका कुटुंबाकडचे एक चित्र माझ्या फार मनात भरले. आजोबांचा जन्म पेवांत हळद भरण्यात गेलेला. नात लग्नाला उभी राहिली. ठरवलेला छायाचित्रकार आदल्या दिवशी यंत्र न घेताच आला, चहा प्यायला, आजोबा ओट्यावर कधी बसतात ते विचारून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या आत, ऊन समोरच्या भिंतीवर आदळून ओट्यावर मऊ होऊन येते त्या वेळी, त्याने चित्र काढले. नात रोजच्या साडीत, तिचा हात आजोबांच्या खांद्यावर. आजोबा यंत्राकडे पाहत नाहीत. ते तिच्या हाताकडे पाहत आहेत. हे सारे योजलेले होते. पण योजना माणसापासून सुरू झाली होती. आधी माणूस, मग त्याची वेळ, मग जागा आणि सर्वांत शेवटी कपडे. हल्ली बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो.

अशा चित्राची किंमत केव्हा कळते? २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीच्या घराघरांत शिरले. पाणी ओसरल्यावर गावभागातल्या एका परिचितांकडे गेलो होतो. गच्चीवर भिजलेले आल्बम उन्हात पसरलेले, पाने एकमेकांना चिकटलेली. लग्नाच्या भारी आल्बमचा लगदा झाला होता. त्याचे दुःख कोणी फारसे केले नाही. बाई शोधत होत्या ते सासूबाईंचे एक चित्र. परसात, तुळशीपाशी, हातात सूप, ऊन लागले म्हणून कपाळाला आठी. कोणा पाहुण्याने सहज काढलेले. ते गेले होते. "आता मुलांना त्या कशा होत्या ते कशावरून सांगू?" असे त्या म्हणाल्या. मला वाटते, छायाचित्राची याहून कठोर कसोटी कोणत्याही टीकाकाराला सुचणार नाही.

म्हणून या लग्नसराईत मेणवलीला अवश्य जावे; पण घाटावरच्या मावशींना हलवू नये, आजीला घरी ठेवू नये, आणि मुलीचा रंग तिचा तिला राहू द्यावा. निघालेल्या चित्रांपैकी चार तरी कागदावर छापून घ्यावीत आणि पाठीवर नाव, गाव, तारीख पेन्सिलीने लिहावी. एक प्रत दुसऱ्या गावी, एखाद्या नातलगाकडे ठेवून द्यावी. नदीकाठच्या माणसांनी तर नक्कीच.