चौऱ्याऐंशी कलमं

विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ बहुतेक जण झाशीच्या राणीसाठी वाचतात. राणी दिसते, वेढा दिसतो, काल्पीच्या वाटेवरच्या विहिरीपाशी तहानलेली राणी भेटते आणि पुस्तक मिटतं. मला वाटतं, असं वाचलं की पुस्तकाचा निम्मा ऐवज हातातून निसटतो. राजघराण्यांची सत्ता जाऊन कंपनीची सत्ता येणं म्हणजे सामान्य माणसाच्या बाजूने नेमकं काय होतं, हे सांगणारं यापेक्षा चांगलं मराठी पुस्तक माझ्या वाचनात नाही.

गोडसे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याचं कळतं आणि १८५७ साली काकांबरोबर ते उत्तरेकडे निघतात. ना बंडात सामील व्हायला, ना देशाटनाला. दक्षिणा मिळवायला.

ही दक्षिणा म्हणजे नुसतं दान नव्हे. पेशवाईत पुण्याला दरवर्षी दक्षिणा वाटली जायची. १८१८ नंतर कंपनीने ती एकदम तोडली नाही, फक्त खर्चाचं खातं हळूहळू बदललं. त्याच पैशांतून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, पुढे मराठी पुस्तकांना बक्षिसं दिली जाऊ लागली. म्हणजे पैसा होता, पण त्याला आता अट होती. (वाईट झालं असं मी म्हणत नाही. मराठी गद्याला त्या बक्षिसांचा फायदाच झाला.) पण जुन्या पद्धतीने, विद्वत्तेचा मान म्हणून दक्षिणा हवी असेल, तर उरलेल्या मराठी दरबारांकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वरसईचा माणूस ग्वाल्हेरची वाट धरतो त्यामागे हा बदललेला नकाशा आहे.

आता पुस्तकातल्या त्या भागाकडे येऊ, जो वाचून इतिहासाचे अभ्यासक भुवया उंचावतात. बंड का झालं हे सांगताना गोडसे लिहितात की, इंग्रजांनी राजेरजवाड्यांना कलकत्त्याला बोलावून धर्मात ढवळाढवळ करणारी चौऱ्याऐंशी कलमं त्यांच्यापुढे ठेवली. अशी सभा झालीच नव्हती. ही अफवा आहे, आणि गोडसे ती खरी मानून लिहितात.

पण अफवेचा आकार बघा. सरकार फौज पाठवून धमकावत नाही, देवळं फोडत नाही. सरकार कलमांची यादी पुढे ठेवतं. क्रमांक घातलेली, सगळ्यांना सारखीच लागू. आपण फोनवर न वाचता ‘मान्य आहे’ दाबतो, तसली.

आणि खरोखर घडलं होतं तेही याच आकाराचं होतं. १८५० चा कायदा आला, धर्मांतर केलं तरी वारसा हक्क जाणार नाही असं सांगणारा. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा आला. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव वारले, त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा डलहौसीने मानला नाही, आणि १८५४ मध्ये लढाई न होताच झाशी खालसा झाली. त्याआधी, १८५१ मध्ये दुसरे बाजीराव वारल्यावर त्यांचं सालीना आठ लाखांचं पेन्शन नानासाहेबांना नाकारलं गेलं. राज्यं हरणं लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलं होतं. दत्तकविधान यथासांग होऊनही कागदावर राज्य संपतं, हे नवं होतं. गोडश्यांची चौऱ्याऐंशी कलमं खोटी आहेत, पण सत्तेची भाषा बदलली आहे ही त्यांची पकड अचूक आहे.

झाशी पडल्यानंतरची प्रकरणं हाच धागा धरून वाचा. एप्रिल १८५८. गोडसे शहरात अडकलेले आहेत. कत्तलीचं वर्णन अंगावर येतंच, पण मला जास्त हादरवलं ते लुटीच्या क्रमाने. आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, मग कपडे, मग धान्य. एकेक दिवस, एकेक जिन्नस. लुटीलाही वेळापत्रक. प्रवासात गोडश्यांना लुटणारे इतरही भेटले, पण ते हाताला लागेल ते घेऊन पळणारे होते.

पुस्तकाच्या मर्यादा आहेत. दक्षिणेचा पैसा कुठल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून येतो, हा प्रश्न गोडश्यांना पडत नाही. कोणाच्या पंगतीत काय वाढलं हे त्यांना आठवतं, पंगत वाढणाऱ्यांच्या घरी काय होतं हे नाही. त्यांच्या लेखी गेलेलं राज्य म्हणजे गेलेला आश्रयदाता. ज्यांना त्या राज्यात आश्रयच नव्हता, त्यांचं १८५७ या पुस्तकात शोधू नका.

प्रत कोणती वाचायची, हेही महत्त्वाचं. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून गोडश्यांनी आठवणी लिहिल्या त्या १८८३ च्या सुमारास, म्हणजे पंचवीस वर्षांनी. वैद्य नोकरीत होते. त्यांनी हस्तलिखित ठेवून दिलं आणि १९०७ साली छापलं, तेही भाषा घासूनपुसून, काही मजकूर गाळून. गोडसे तेव्हा हयात नव्हते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली १९६६ ची आवृत्ती मिळाली तर तीच वाचा. तिथली वाक्यं अडखळतात, पण ती भिक्षुकाची आहेत. वैद्यांच्या कात्रीवर मात्र मला फार रागावता येत नाही. त्यांचं पुस्तक आल्यानंतर पुढच्याच वर्षी टिळकांना ‘केसरी’तल्या लेखांसाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. कलम १२४-अ.