यंत्राला मत लागतं

कुठल्याही यंत्राबरोबर एक माहितीपुस्तिका येते आणि ती कोणीही वाचत नाही. आमच्या घरी मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळ्यांच्या पुस्तिका एका पिशवीत आहेत. ती पिशवी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, जन्मपत्रिकांच्या शेजारी. दोन्ही फक्त संकटकाळी खाली येतात.

पुस्तिकेत सगळं असतं. वजन असतं, व्होल्टेज असतं. नसतं ते एकच. ‘घेऊ का नको?’ त्यासाठी माणूस लागतो, आणि तोही ठाम मताचा. आमच्या शाखेत संगणकाची नवी प्रणाली आली तेव्हा वरून जाडजूड मार्गदर्शिका आली होती. पण शाखेने ऐकलं ते हेडकॅशियरचं. ते म्हणाले, “गंगावेशीतली म्हैस बरी हो, समोर धार काढून देते. हे गर्दी बघून आटतं!” त्या दिवसापासून प्रणालीचं वर्तन सगळ्यांना नीट कळायला लागलं.

अशा मतवाल्या लेखनाचं आपल्याकडचं मोठं घराणं फार लांब नाही. मिरजेला गाडी बदलली की किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमिनीत विष भिनतं म्हणून शेतकरी त्याला हात लावीनात. आता या भीतीला फाळाचं वजन सांगून काय उपयोग? १९१० साली वाडी वसली आणि १९२० साली तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शंवाकि. कारखान्याचं पत्रक ते, यंत्रांची जाहिरात करायला निघालेलं. पण पत्रक मतं बाळगायला लागलं. पुढं त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ आलं, आणि नांगराच्या निमित्तानं आलेले शंकरराव वाचकाच्या माजघरात शिरून देव, सोवळं, लग्न सगळ्यांवर बोलायला लागले. नांगर विकत न घेणाऱ्यांनीही मासिक विकत घेतलं. विक्रीखात्याच्या दृष्टीनं हा घोटाळाच म्हणायचा!

त्यांच्यात खोट नव्हती असं नाही. शेजाऱ्याचा नांगर जास्त चांगला आहे, असं ‘खबर’ कसं छापणार? पण कुणाची बाजू, ते मुखपृष्ठावरच्या नावातच लिहिलेलं होतं. वाचक तेवढं वजा करून उरलेलं वाचत असणार. आम्ही बँकेत वटावच्या हुंडीला करतो तसं.

आजचे मोबाईल-परीक्षक ऐकताना मला ही वजाबाकी जमत नाही. मला ते आवडतात, हे आधीच सांगतो. जेवताना मी त्यांनाच लावतो. त्यांची भाषा जिवंत असते, ‘अजिबात घेऊ नका’ म्हणताना त्यांचा चेहरा उद्यमनगरातल्या मिस्त्रीसारखा कळकळीचा होतो. पण मिस्त्री मशीन वर्षभर चालवून मग शिव्या देतो. इथं खोक्याचं सील फुटल्यावर अर्ध्या तासात निकाल. आणि फोन फुकट आला होता का? पैसे घेतले असतील तर तसं ठळक सांगा, असे नियम जाहिरात मानक परिषदेनं २०२१ साली केले. सांगतातही काहीजण. इतक्या भरभर की आमच्याकडच्या कर्जाच्या अटी त्यापुढं सावकाश वाटाव्यात.

शिरोलीच्या फौंड्रीत कामाला असलेला एक पोरगा माझ्या काउंटरला येतो. अठरा हप्त्यांवर त्यानं असाच एक ‘डोळे झाकून घ्या’वाला फोन घेतला. परीक्षकानं महिन्याभरात दुसऱ्या फोनबद्दल तेच सांगितलं. मत बदलायला दंड नाही. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला की मात्र आहे. दोन महिने ओव्हरटाइम मिळाला नाही आणि दोन हप्ते परत गेले.

“ह्यो दंड कशाचा वो, साहेब?”

मी नियम सांगितला. हजेरीच्या पगारात तो दंड म्हणजे एका दिवसाची भट्टी. त्यानं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “साहेब, तुम्ही कुठला वापरतासा?”

मी दाखवला. त्यानं तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, मागच्या तड्यावरून अंगठा फिरवला आणि फार आदरानं परत दिला.