हरल्यावर काय कळले?

एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात आमचे व्याख्यान संपले आणि मागच्या बाकावरच्या एका बाईंनी प्रश्न केला, "मुले घरी गेली की संगणकावर नाहीतर मोबाइलवर खेळत बसतात. त्यातून विज्ञान शिकता येते, असेही काही जण म्हणतात. तुम्हांला काय वाटते?" आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "वेळेचा अपव्यय!" बऱ्याच माना डोलल्या. बाईंचा पुढचा प्रश्न मात्र अडचणीचा होता, "यांतला कोणता खेळ तुम्ही खेळून पाहिला आहे?"

एकही नाही. विद्यार्थ्याने प्रयोग न करताच निष्कर्ष लिहून आणला, तर आम्ही त्याची वही परत करतो. तेच आम्ही भर सभेत केले होते. प्रायश्चित्त म्हणून पुढचे दोन महिने, जमेल तसा वेळ काढून, आम्ही पाच निरनिराळ्या जातींचे खेळ खेळलो. सगळे २०१२ ते २०२४ या काळात आलेले आणि आजही खेळले जाणारे. चित्रे किती देखणी, संगीत किती गोड, याची चर्चा इतरत्र पुष्कळ होते. आम्ही प्रत्येक वेळी हरल्यावर वहीत एकाच प्रश्नाचे उत्तर लिहीत गेलो : आपला कोणता अंदाज चुकला, हे कळले का? चांगल्या प्रयोगाची हीच खूण असते. तो फसला तरी काहीतरी सांगून जातो.

पुढच्याला गाठायचे तर ब्रेक दाबा

पहिला खेळ 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'. मेक्सिकोतील स्क्वाड या कंपनीच्या या खेळाची पूर्ण आवृत्ती २०१५ साली आली. कर्बिन नावाच्या ग्रहावर हिरव्या रंगाची बुटकी मंडळी राहतात. त्यांच्यासाठी टाक्या, इंजिने, पंख जोडून आपण अग्निबाण बनवायचा आणि उडवायचा. आमचे पहिले चार जमिनीवरच आडवे झाले. पाचवा सरळ वर गेला, इंधन संपले, आणि तसाच सरळ खाली आला. उंच जाणे म्हणजे कक्षेत जाणे नव्हे, कक्षेत राहायला आडवा वेग लागतो, हे वाक्य आम्ही आजवर कितीतरी वेळा फळ्यावर लिहिले आहे. त्याचा खरा अर्थ या पाचव्या अग्निबाणाने समजावला.

खरी गंमत पुढे आहे. एकाच वर्तुळाकार कक्षेत दोन याने आहेत, आपले मागे आहे. पुढच्याला गाठायचे तर काय कराल? रस्त्यावरचा अनुभव म्हणतो, वेग वाढवा. आम्ही वाढवला आणि आणखी मागे पडलो! वेग वाढवल्याने कक्षा मोठी होते, प्रदक्षिणेला जास्त वेळ लागतो. उलट वेग थोडा कमी केला, तर यान खालच्या, लहान कक्षेत उतरते, त्याची फेरी लवकर पुरी होते आणि ते पुढच्याला गाठते. यात लाज वाटण्याचे कारण नाही. १९६५ साली 'जेमिनी-४' यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला, तोही याच कारणाने फसला होता.

खेळात सोयीसाठी केलेल्या तडजोडीही आहेत. कर्बिनची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर, पण पृष्ठभागावरचे गुरुत्व मात्र आपल्या पृथ्वीइतकेच. मग त्याची घनता किती असेल? नववी-दहावीच्या मुलांना हे गणित घाला. उत्तर पृथ्वीच्या दहापटीहून अधिक येते. असा खडक कुठे सापडायचा नाही. दुसरी तडजोड अधिक खोल आहे. खेळात यानावर एका वेळी एकाच गोलाचे गुरुत्व काम करते. त्यामुळे आपले 'आदित्य-एल१' जानेवारी २०२४ मध्ये जिथे पोहोचले, तशी जागाच या खेळात नाही. ती जागा सूर्य आणि पृथ्वी या दोघांच्याही ओढीचा एकत्र विचार केल्याशिवाय उपजतच नाही.

फर्माइशीवर बदलणारा जंतू

दुसरा खेळ 'प्लेग इंक.', २०१२ सालचा, डावपेचांचा. यात आपण रोगजंतू असतो आणि सगळे जग आजारी पाडायचे असते. करोनाच्या साथीत हा खेळ फार गाजला. तेव्हा, जानेवारी २०२०मध्ये, हा खेळ आहे, शास्त्रीय प्रतिकृती नव्हे, असे त्याच्या निर्मात्यांनीच जाहीर केले. त्याच वर्षी त्यांनी साथ आटोक्यात आणण्याचा उलटा खेळही काढला. विमाने, बंदरे, दाट वस्ती यांतून साथ कशी पसरते, याची चांगली जाण यातून येते. फार लवकर प्राणघातक झालेला जंतू पसरायच्या आधीच संपतो, हेही आम्ही हरूनच शिकलो.

पण इथे आमच्या कसोटीचे अपुरेपण उघडे पडले. या खेळात गुण साठवून खेळाडू जंतूत हवा तो बदल विकत घेतो. थंड प्रदेशात टिकायचे आहे? घ्या. औषधाला दाद द्यायची नाही? तेही घ्या. आणि तो बदल त्याच क्षणी जगभरच्या सगळ्या जंतूंमध्ये होतो. निसर्गात असे काही घडत नाही. उत्परिवर्तने गरज पाहून होत नाहीत. ती आपोआप होत राहतात, औषध आले की ज्या थोड्या जंतूंत सोयीचा बदल आधीच असतो ते उरतात, आणि पुढची प्रजा त्यांची होते. 'उंच पाला खाता यावा म्हणून जिराफाने मान लांब केली' असे उत्तर आपण दरवर्षी तपासतो. हा खेळ त्याच चुकीला तासन्‌तास खतपाणी घालतो, आणि तेही मोठ्या शिस्तीने. हरल्यावर खेळाचा नियम कळतो, पण तो नियमच खोटा असतो. म्हणून वहीत दुसरा प्रश्न वाढवावा लागला : खेळातला हा नियम खेळाबाहेर चालतो का?

भिंत म्हणजे अडथळा, कशावरून?

तिसऱ्या खेळाच्या नावात विज्ञान नाही. 'बाबा इज यू' हे कोडे फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांनी २०१९ साली आणले. यातला बाबा म्हणजे सशासारखा एक पांढरा प्राणी. पटावर भिंती, दगड, झेंडा असतात. त्यांच्याबरोबर शब्दांचे ठोकळेही असतात. 'वॉल', 'इज', 'स्टॉप' हे तीन ठोकळे ओळीत आहेत तोवर भिंत अडवते. त्यातला एक ठोकळा ढकलून बाजूला केला, की त्याच भिंतीतून आरपार जाता येते. 'रॉक इज यू' अशी ओळ जुळवली तर आपण दगड होऊन चालू लागतो. एका कोड्यापाशी आम्ही दोन संध्याकाळी अडलो. भिंत ओलांडायचे मार्ग शोधत होतो. भिंत अडवतेच, हे गृहीत आम्ही धरले होते. खेळाने तसे कुठेच म्हटले नव्हते!

युक्लिडच्या समांतर रेषांच्या गृहीतकाशी गणिती मंडळी दोन हजार वर्षे झगडली. ते बाजूला ठेवून पाहू, असे लोबाचेव्हस्की आणि बोल्याई यांनी ठरवले तेव्हा नवी भूमिती सापडली. दिलेले काय आणि आपण मनाने धरलेले काय, हे वेगळे काढण्याचा इतका चांगला व्यायाम आम्ही दुसरा पाहिला नाही. यासाठी संगणकही लागत नाही. फरशीवर खडूने चौकोन आखा, पुठ्ठ्यावर 'भिंत', 'दगड', 'म्हणजे', 'अडथळा', 'तू' असे शब्द लिहा, आणि मुलांनाच कोडी रचू द्या.

बावीस मिनिटे आणि बावन्न पाने

'आउटर वाइल्ड्स' (२०१९) हा भटकंतीचा खेळ अॅलेक्स बीचम यांच्या विद्यार्थिदशेतील प्रबंधातून वाढला. एका चिमुकल्या सूर्यमालेत यान घेऊन हिंडायचे. २२ मिनिटांनी तिथला सूर्य फुटतो आणि आपण पुन्हा सुरुवातीला जागे होतो. जास्तीची ताकद, बढती, बक्षीस, काही मिळत नाही. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत येते ते फक्त ज्ञान. एका जोडग्रहावरची वाळू दुसऱ्यावर सतत ओतली जाते. एकीकडे गुहा बुजत जातात, दुसरीकडे झाकलेल्या वास्तू उघड्या पडतात. कुठे किती वाजता पोहोचायचे, हे निरीक्षणानेच ठरते. आमच्या मते पाचांत हा सर्वांत सुंदर. एक तक्रार आहे. न पाहिल्यास जागा बदलणारे 'क्वांटम' दगड यात आहेत. पुंजभौतिकीत मापन म्हणजे कोणीतरी डोळे उघडून पाहणे नव्हे. खेळ रंगतो, पण वरच्या वर्गातल्या मुलांचा हा गैरसमज पक्का होऊ शकतो.

'बलाट्रो' (२०२४) पत्त्यांचा. युरोपातील वर्गीकरण संस्थेने त्याला आधी १८ वर्षांवरचा ठरवले, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये १२ वर्षांवरचा केले. यात पैसे लावायचे नसतात. आठ पाने हाती येतात. समजा, चार बदामाची आहेत आणि पाच हवी आहेत. उरलेली चार टाकून नवी घेतली, तर निदान एक बदाम येण्याची शक्यता किती? गठ्ठ्यात ४४ पाने, त्यांत ९ बदाम. उत्तर सुमारे ६१ टक्के. आमचे मन मात्र दर वेळी 'येणारच' म्हणत होते. शंभरात ३९ वेळा न येणे म्हणजे काय, हे सूत्रापेक्षा हरण्याने लवकर समजते.

दुरुस्त उत्तर

असेही खेळ आम्ही चाळले, ज्यांत हरल्यावर एकच गोष्ट कळते : पुढे जायला पैसे मोजा. त्यांच्यासाठी आमचे जुने उत्तर अजून पुरेसे आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये कायद्यानेच बंदी आणली.

चांगल्या खेळांचीही एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. कोड्याला उत्तर आहे, ते कोणीतरी आधी तिथे ठेवले आहे, याची खेळाडूला खात्री असते. आमच्या प्रयोगशाळेत ती खात्री नसते. दोन-दोन वर्षे झटूनही प्रश्नच चुकीचा होता असे निघते. ती सवय खेळ लावू शकत नाही.

तेव्हा त्या बाईंना हे दुरुस्त उत्तर. सोमवारी वर्गात खेळणाऱ्या मुलाला रागावण्याआधी विचारा, "काल कुठे हरलास? का हरलास?" त्याला सांगता आले नाही, तर वेळ वाया गेला. सांगता आले, तर पुढचा प्रश्न करा, "आणि हे खऱ्या जगात असेच होते का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर खेळ देऊ शकतो. दुसरा प्रश्न कोणताच खेळ स्वतःहून विचारत नाही. तो बाईंनाच विचारावा लागेल, आणि तो विचारण्यापूर्वी एकदा तरी स्वतः हरून पाहावे लागेल.