बलूनचा पेपर आणि आलेखात नसलेला वेळ

व्हर्च्युअलायझेशनमध्ये संशोधन करायचं ठरवलंत की पहिल्या महिन्यात हातात येणाऱ्या चार-पाच पेपरांमध्ये कार्ल वॉल्डस्परगर यांचा ईएसएक्स सर्व्हरच्या मेमरी व्यवस्थापनावरचा पेपर बहुधा असतोच. २००२ च्या ओएसडीआय परिषदेतला, एकट्या लेखकाचा, आणि इतका स्वच्छ लिहिलेला की एका बैठकीत वाचून होतो. आज त्यावर थोडी टीका करणार आहे. पेपर चुकीचा आहे म्हणून नाही, आपण तो चुकीचा उद्धृत करतो म्हणून. मीसुद्धा केलाय.

आधी प्रश्न काय होता ते बघा. एका होस्टवर पाच व्हर्च्युअल मशीन आहेत आणि त्यांना कबूल केलेल्या मेमरीची बेरीज होस्टच्या खऱ्या रॅमपेक्षा जास्त आहे. सगळ्यांनी एकदम मागितली नाही तोवर हे खपून जातं. मागितली की होस्टला कुणाकडून तरी पेजेस काढून घ्यावी लागतात. पण कुठली? भाडेकरूच्या घरातली कुठली ट्रंक रोज लागते हे भाडेकरूलाच माहीत. घरमालक अंधारात हात घालणार. वर आणखी एक भानगड: होस्टने एखादं पेज स्वॅपवर टाकलं आणि नंतर गेस्टनेही नेमकं तेच बाहेर काढायचं ठरवलं, तर ते आधी होस्टच्या स्वॅपमधून वर आणायचं आणि लगेच गेस्टच्या व्हर्च्युअल डिस्कवर लिहायचं. एका नको असलेल्या पेजसाठी डिस्कला दोन फेऱ्या.

वॉल्डस्परगर यांचं उत्तर म्हणजे बलून. गेस्टच्या आत एक छोटा ड्रायव्हर बसवायचा. तो सेकंदाला एकदा होस्टला विचारतो, ‘किती फुगू?’ आकडा मिळाला की आपल्याच ऑपरेटिंग सिस्टिमकडून तेवढी पेजेस मागून अडकवून ठेवतो आणि त्यांचे क्रमांक होस्टला कळवतो. होस्ट त्यामागची खरी रॅम काढून दुसऱ्याला देतो. गेस्टला एवढंच वाटतं की मेमरी कमी पडतेय, आणि काय टाकायचं ते तो स्वतः ठरवतो. होस्टकडून गेस्टकडे जाणारा सगळा निरोप म्हणजे एक आकडा! गेस्टचा कर्नल बदलावा लागत नाही, त्याच्या आतलं काही समजून घ्यावं लागत नाही. ही कल्पना मला अजूनही आवडते.

आता तो प्रसिद्ध आलेख. लिनक्स गेस्ट, डीबेंच, ४० क्लायंट. एका बाजूला मुळातच कमी मेमरी दिलेलं मशीन, दुसऱ्या बाजूला २५६ एमबीचं मशीन बलून फुगवून तेवढ्यावर आणलेलं. १२८ एमबीला बलूनवालं ४.४ टक्के मागे, २२४ एमबीला फक्त १.४ टक्के. हा फरकही मुख्यतः अशासाठी की गेस्टने बूट होताना काही डेटा स्ट्रक्चर्स २५६ एमबीच्या हिशोबाने मोठी करून ठेवलेली असतात.

माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये मी याचीच स्लाइड टाकली होती: ‘बलूनिंगचा खर्च ५ टक्क्यांहून कमी’. मागच्या रांगेतून एका सीनियरने विचारलं, ‘फुगायला किती सेकंद लागले?’ मी वळून स्लाइडकडे बघितलं, जणू उत्तर तिथे कुठेतरी लिहिलेलं असेल. नव्हतं. त्या आलेखावर वेळेचा अक्षच नाही. बलून फुगून स्थिरावल्यानंतर मशीन कसं चालतं, एवढंच तो सांगतो. मेमरीची टंचाई मात्र बदलाच्या क्षणी त्रास देते.

लेखकाला हे माहीत नव्हतं का? चांगलंच माहीत होतं. बलून बंद केलेला असू शकतो, गेस्ट अजून बूट होत असू शकतो, किंवा हवी तितक्या लवकर मेमरी सुटणार नाही, हे पेपरमध्ये स्पष्ट लिहिलंय. म्हणून तर मोकळ्या मेमरीच्या चार पायऱ्या आहेत: ६, ४, २ आणि १ टक्का. ४ ला बलून. २ ला सरळ जबरदस्तीचं स्वॅपिंग. १ च्या खाली गेलं तर वाट्यापेक्षा जास्त घेऊन बसलेली मशीन थांबवूनच ठेवायची. बलून शर्यत हरू शकतो हे त्या पायऱ्यांतच मान्य केलेलं आहे. शेवटी बदलत्या लोडचा एक प्रयोगही आहे, पण त्यातले आलेख कुणाला किती मेमरी मिळाली ते दाखवतात. त्या दरम्यान कामं किती रखडली ते नाही. माझी खरी तक्रार इथे आहे.

आणि अडचण त्या एका आकड्यातच आहे. ‘इतका फुग’ हे कळतं. ‘घाई आहे’ हे कळत नाही. उलट दिशेने तर अजून वाईट: मिळालेली पेजेस रिकामीच पडून होती, की ऐन कामातली पेजेस स्वॅपवर ढकलून आणली, हे होस्टला त्या क्रमांकांवरून समजत नाही. गेस्टचा स्वॅप ज्या व्हर्च्युअल डिस्कवर असतो ती शेवटी होस्टच्याच डिस्कवर असते, म्हणजे टंचाईत दोघंही एकाच दारात. केव्हीएमसोबत वापरला जाणारा व्हर्टिओ-बलून पुढे गेस्टची आकडेवारी मागवायला शिकला खरा, पण हिशोब बघा: ४ केबीचं एकेक पेज, लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये एका निरोपात जास्तीत जास्त २५६ क्रमांक. १ जीबी सोडायला २,६२,१४४ पेजेस आणि १,०२४ निरोप. शिवाय होस्ट फक्त विनंती करू शकतो. आणि विनंती फार ताणली तर गेस्टमधला ओओएम किलर एखादी प्रोसेस मारूनही टाकतो.

२०१४ मध्ये नदाव अमित, डॅन त्सफ्रिर आणि असाफ शूस्टर यांनी व्हीस्वॅपर मांडला, तो याच दुर्लक्षित परिच्छेदातून. बलून कमी पडल्यावर जे स्वॅपिंग होतं ते इतकं वाईट का, एवढंच त्यांनी खणून काढलं. गेस्टने फाइलमधून वाचलेलं, अजिबात न बदललेलं पेज होस्ट स्वॅपवर पुन्हा लिहितो, जरी तोच मजकूर व्हर्च्युअल डिस्कवर आधीच असला तरी! गेस्ट एखादं पेज पूर्ण पुसून लिहिणार असला, तरी होस्ट आधी त्याचा जुना मजकूर वाचून आणतो. अशा फुकटच्या कामांना आळा घातल्यावर बलूनशिवाय दहापटीपर्यंत सुधारणा झाली, आणि बदलत्या लोडमध्ये बलूनसोबत दुपटीपर्यंत. हा दुसरा आकडा माझ्या स्लाइडवर असायला हवा होता.

प्रपोजल लिहिताना ‘हे सगळं आता सुटलंय’ असं कुणी म्हणालं तर २०२० चं फ्री पेज रिपोर्टिंग वाचा. लिनक्स ५.७ मध्ये आलं. यात होस्टने विचारायची गरज नाही, गेस्ट मोकळी पेजेस आपणहून कळवतो. छान आहे. पण लिनक्स मोकळी मेमरी पेज कॅशने भरून टाकतो, आणि कॅशमधलं पेज मोकळ्यात धरलं जात नाही. म्हणजे ज्या गेस्टकडे टाकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे, तोच गप्प बसलेला असू शकतो, आणि होस्टला पुन्हा बलूनकडेच यावं लागतं.