हास्यास्पद आणि हास्यकारक : मालेगावच्या सुपरमॅनच्या निमित्ताने

वाईट चित्रपटांचीही एक रसिकता असते, हे आता कोणी नाकारणार नाही. सुझन सोंटॅग यांनी १९६४ साली 'कॅम्प' या अभिरुचीची चर्चा केली, तेव्हा ती महानगरी अभिजनांपुरती होती. पुढे 'द रूम' (२००३) या चित्रपटाचे कर्ते टॉमी वायसो त्यांच्या अपयशामुळेच लोकप्रिय झाले, आणि आपल्याकडे कांती शाह यांच्या 'गुंडा'ची (१९९८) भक्तमंडळी वसतिगृहांतून वाढली. या रसिकतेची एक पूर्वअट आहे. प्रेक्षक शहाणा असावा लागतो आणि कर्ता अजाण. जे कर्त्याला गंभीर वाटले ते प्रेक्षकाला हसू आणते, आणि हे अंतर फक्त प्रेक्षकालाच दिसते, असे येथे गृहीत असते. मालेगावच्या शेख नासिर यांचे चित्रपट याच टोपलीत टाकले जातात. ही वर्गवारी चुकीची आहे, आणि ती का चुकते हे पाहिल्यास विडंबनाच्या संकल्पनेविषयी काही हाती लागते, असे मला वाटते.

१९३८ साली अमेरिकेतील चित्रकथेत अवतरलेला आणि १९७८ च्या हॉलिवुडपटाने जगभर पोहोचवलेला सुपरमॅन आपल्याकडे दोनदा आला, असे प्रस्तुत चर्चेपुरते म्हणता येईल. १९८७ च्या हिंदी 'सुपरमॅन'मध्ये पुनीत इस्सर होते. देह पीळदार, आविर्भाव गंभीर. त्या चित्रपटाला हॉलिवुडची बरोबरी करावयाची होती. ती न साधल्यामुळे तो हास्यास्पद झाला. 'मालेगाव का सुपरमॅन'मध्ये शेख शफीक होते. ते यंत्रमागावरचे कामगार. अंगाने काडीसारखे, आणि निळ्या पोशाखावरील चड्डीची नाडी बाहेर लोंबणारी. ही नाडी कोणाच्या दुर्लक्षामुळे राहिलेली नाही. ती चित्रपटाचे विधान आहे. येथे बरोबरीची आकांक्षा मुळातच नाही. अंतर लपवलेले नाही. उलट तेच दाखवावयाचे आहे. पहिली कृती हास्यास्पद, तर दुसरी हास्यकारक. मराठीत या दोन शब्दांतला भेद स्पष्ट असूनही समीक्षेत आपण तो पुरेसा वापरलेला नाही.

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याची उत्पत्ती शृंगाराच्या अनुकृतीत सांगितली आहे. अभिनवगुप्ताने त्याचा विस्तार करून कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होतो, आणि या सर्वांच्या मुळाशी अनौचित्य असते, असे प्रतिपादन केले. त्या न्यायाने अतिमानवी नायकाचा चित्रपट फसला की वीराभास, आणि वीराभासातून हास्य, हे ओघानेच येते. मात्र या मांडणीत एक जागा मोकळी राहते. अनौचित्य अजाणता घडले की योजून मांडले, हा प्रश्न तेथे निर्णायक नाही. आधुनिक विडंबनविचारात तो निर्णायक होतो. लिंडा हचन यांनी विडंबनाला टीकात्म अंतर राखून केलेली पुनरावृत्ती म्हटले (१९८५). 'झेंडूची फुले' वाचताना केशवकुमारांना रविकिरण मंडळाची शैली साधली नाही, असे कोणी म्हणत नाही. नासिर यांच्या वाट्याला मात्र नेमका हाच न्याय येत नाही. कवीचे कौशल्य आपण गृहीत धरतो, आणि यंत्रमागाच्या गावातील चित्रपटकर्त्याचे कौशल्य त्याला सिद्ध करावे लागते.

'मालेगाव के शोले'मध्ये (२०००) डाकू घोड्यांवरून येत नाहीत, सायकलींवरून येतात. घोडे परवडत नव्हते हे खरेच; पण सायकल हा घोड्याचा नाइलाजाने पत्करलेला पर्याय म्हणून पाहिली की विनोद संपतो. घोड्याची जागा सायकलीने घेताच 'शोले'तील रामगढ कोणत्या भूगोलात आहे, हा प्रश्न उभा राहतो. सुपरमॅनमधील खलनायकाला जग जिंकावयाचे नसून त्याला घाणीचे प्रेम आहे. गटारांच्या आणि धुळीच्या गावात याहून मोठा खलनायक तो कोणता? मूळ सुपरमॅनच्या विश्वात नगरपालिका नसते. येथे ती पडद्यावर न येताही कथानकात हजर आहे.

तीर्थपुरीच्या आमच्या वर्गात फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) हा माहितीपट दाखवला, तेव्हा मालमोटारीच्या बाजूला हिरवे कापड ताणून नायकाला 'उडवण्याची' तयारी चालते त्या दृश्याला मुले खळखळून हसली. मी विचारले, कशाला हसलात? एक विद्यार्थी म्हणाला, "सर, त्यांनाही ते ठाऊक आहे ना." प्रस्तुत लेखाचे सूत्र त्या वाक्यात आहे. जत्रेतल्या कनातीत ज्याने तमाशा पाहिला त्याला हे समजावून द्यावे लागत नाही. गवळणीतली मावशी आपले पुरुषपण लपवत नाही. ते दिसते म्हणूनच ती मावशी. वाट अडवणाऱ्या प्रत्यक्ष श्रीकृष्णाची फिरकी घेणारी ती परंपरा अतिमानवाला भिणारी नाही. नासिर यांनी ती वाचून उचलली, असे मला सुचवायचे नाही. पण त्यांच्या प्रेक्षकाच्या अंगवळणी ती असावी.

आता एक अडचण. मालेगावच्या बाहेर बहुतेकांनी हा सुपरमॅन पाहिला तो त्या माहितीपटातून, म्हणजे निर्मितीची कथा म्हणून. शफीक २०११ साली कर्करोगाने गेले, आणि २०१२ मध्ये माहितीपट चित्रपटगृहांत आला तेव्हा त्यातले हसू आपोआपच कातर झाले होते. रीमा कागती यांच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'ने (महोत्सवात २०२४, चित्रपटगृहांत २०२५) त्याच माणसांची मैत्रीची आणि जिद्दीची गोष्ट केली. दोन्ही कृतींबद्दल मला आदर आहे. तरीही या वाटचालीत विडंबनाचे नकळत करुणात रूपांतर होते. जो हसवत होता त्याच्याबद्दल आपल्याला हळहळ वाटू लागते. कुचेष्टेइतकाच हा गहिवरही संहितेला बाजूला सारतो. टोमणा कोणावर होता, हे दोहोंतही विसरले जाते.

मराठी समीक्षेचे मौन याहून अधिक खटकते. संवाद मालेगावी हिंदी-उर्दूत आहेत, एवढ्या कारणावरून नाशिक जिल्ह्यातली ही निर्मिती आपल्या कक्षेबाहेर राहिली. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाची चर्चा आपण कादंबरीभोवती वर्षानुवर्षे केली. परक्या महानायकाला आपल्या गल्लीत आणून त्याची नाडी बाहेर काढणाऱ्या कृतीला ती लावून पाहिली नाही. तशी ती लावली तर देशीवादापुढेही काही प्रश्न उभे राहतील, कारण येथली देशी कृती परक्या संहितेवाचून अस्तित्वातच येत नाही.

या चित्रपटांची मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. गावातील स्त्रिया पडद्यावर येत नाहीत; नायिका बाहेरगावाहून आणावी लागते. पुरुषाच्या काडीसारख्या देहाचे, सायकलीचे, गटाराचे हसे होते; नायिकेपाशी आल्यावर विडंबन थांबते आणि नेहमीचा हिंदी चित्रपट सुरू होतो. ज्या गावात मूळ संहितेतले एकही पात्र टिंगलीतून सुटले नाही, तेथे हे एक पात्र तेवढे जसेच्या तसे उसने घेतले गेले आहे.